एकच टेक

१

जयाची एडिटिंगची खोली सिंदी मेघेत आहे, एका दुमजली घराच्या गच्चीवर. खाली तिचे सासू-सासरे राहतात. वर टिनाचं छत, दोन मॉनिटर, एक मोठा कूलर आणि कोपऱ्यात कुणी न्यायला न आलेल्या लग्नाच्या अल्बमची थप्पी. सकाळी तिला घरचं काम असतं आणि संध्याकाळी लग्नवाले येऊन बसतात, आमच्या आत्याबाई व्हिडिओत दिसल्याच नाहीत म्हणून. मला दुपारची वेळ मिळाली होती, दोन ते पाच. मे महिना होता. त्या वेळी आमच्याकडे रस्त्यावर कुत्रंही नसतं.

मी वर्ध्यात एका खाजगी शाळेत मराठी शिकवतो आणि चौदा वर्षं नाटकात काम करतो. राज्य नाट्यस्पर्धेतली चार नाटकं, पथनाट्यं, एका बियाण्याची जाहिरात, एका वेब सिरीजमध्ये दोन प्रसंगांपुरता हवालदार, आणि ऋतिक नावाच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याची शॉर्ट फिल्म. एवढीच माझी पुंजी. त्या आठवड्यात मुंबईहून एका कास्टिंगवाल्या बाईंचा निरोप आला. मोठं काम होतं, गावच्या मास्तराचं, शेवटपर्यंत टिकणारं. सोमवारपर्यंत रील, म्हणजे आजवरच्या कामाचे निवडक तुकडे, पाठवा, दीड मिनिटाच्या वर नको, असं त्यांनी लिहिलं होतं.

"पयले दहा सेकंद पायतेत थे लोक," जया म्हणाली. "त्यात पटलं तर पुढचं. म्हणून सगळ्यात भारी तुकडा पयले टाकाचा. म्युझिक नाई, धडाधड कटिंग नाई. अन् चेहरा तुमचाच पायजे, किशोरभाऊ. समोरचा कितीबी चांगला असो, त्याले कापाचं. नाई तर थे लोक त्यालेच बलावतेत."

"बरं."

"मंग, भारी कोणता?"

तिला विचारायची गरजच नव्हती. तिने ऋतिकची फाइल उघडली.

केळझरच्या पुढे, जंगलाच्या कडेला गोंडांचा बारा-पंधरा घरांचा टोला आहे. तिथल्या एका घराच्या ओसरीवर तीन वर्षांपूर्वी तो प्रसंग शूट झाला. मी फॉरेस्ट गार्डच्या खाकीत बाजेवर बसलो आहे. माझ्यामागे घराचं उघडं दार, आत अंधार. समोर त्या घरची भागाबाई, कॅमेऱ्याकडे पाठ करून. तिचा फक्त डाव्या कोपऱ्यातला अंबाडा दिसतो, अर्धा पांढरा. मी तिला सांगतो, "तुमचा पोरगा गेला, बाई. अमर गेला." ती बराच वेळ गप्प असते. मग विचारते, "जेवला होता काय थो?" यावर माझ्या डोळ्यांत पाणी येतं, हळूहळू, पापणी न लवता. मी म्हणतो, "हो. जेवला होता."

चाळीस सेकंद. नागपूरच्या महोत्सवात ह्या चाळीस सेकंदांवर लोक उभे राहिले होते.

"काय केलं भाऊ तुमी," जया म्हणाली. "अंगावर काटा येते. ह्या मावशीचा अंबाडा तेवढा काढून टाकू. थोडं आत झूम करते." तिने चौकट आत ओढली. अंबाडा गेला. उरला माझा चेहरा आणि मागचं काळं दार. अंधारावर चेहरा आणखी उठून दिसत होता. दोघंही खूश झालो. तो गुरुवार होता.

२

शुक्रवारी मी गेलो तेव्हा जया कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"काल म्या हेच कापलं होतं ना?"

पडद्यावर डाव्या कोपऱ्यात भागाबाई परत आली होती. अंबाडा होता, आणि त्याच्यापुढे कान. कानातली पितळेची खुंटी. काल कान नव्हता.

"झूम निघून गेलं असेल," मी म्हणालो.

"झूम तसंच हाय. पाहा ना, तुमचा चेहरा कालच्याएवढाच हाय. हिची मानच वेगळी हाय." तिने तुकडा पुन्हा चालवला. "काल थे तुमच्याकडे पाहून राह्यली होती. आज जराशी उजवीकडे पायते. तुमच्या खांद्यावरून मागं. म्या दुसरा टेक ओढला वाटते. टेक किती होते?"

"दोन-तीन असतील," मी म्हणालो. "ऋतिकला सवयच होती."

जयाचं समाधान झालं. तिने चौकट आणखी आत ओढली. कान गेला, माझा चेहरा मोठा झाला, मागचं दारही मोठं झालं.

दुसरा टेक नव्हताच. ते मला माहीत होतं. मला ते इतकं पक्कं माहीत होतं की दोन-तीन म्हणताना कानशिलं गरम झाली. कूलरचं वारं तोंडावर येत होतं तरी झाली. मग मी स्वतःला समजावू लागलो. कॅमेरा दोन असतील. ऋतिकने मोबाइलवर वेगळं घेतलं असेल. तीन वर्षांपूर्वीचं मला काय नीट आठवणार?

पण कॅमेरा एकच होता. त्याच्याशेजारी ऋतिक उकिडवा बसला होता, आणि त्याने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला होता.

३

त्याच दुपारी जाहिरातीचा तुकडा लावला. चेहऱ्यावर हसू असलेलं काहीतरी दुसऱ्या नंबरला हवं, सगळं रडकंच नको, असं जयाचं म्हणणं. जाहिरातीत मी कपाशीत उभा आहे. बोंड हातात धरून म्हणतो, "यंदा आपलं ठरलं." मग दोन सेकंद थांबतो आणि हसतो.

त्या दोन सेकंदांत कुणीतरी बोललं.

हळू, जवळून. बाजूला बसलेल्या माणसाला विचारावं तसं. जेवला होता काय थो.

जयाने माझ्याकडे पाहिलं. "काई म्हटलं काय तुमी?"

"घसा साफ केला."

तिने तुकडा परत चालवला. आम्ही दोघंही पडद्याकडे पाहत होतो. तिने पडद्यावरची आवाजाची पट्टी मोठी करून पाहिली. त्या दोन सेकंदांत पट्टी सपाट होती, रेघेसारखी. स्पीकरमधून कपाशीतला वाराही येत नव्हता. आणि त्या सपाट जागी मला ते पुन्हा ऐकू आलं. जयाने कान खाजवला आणि पुढे गेली. तिला ऐकू आलं की नाही, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर, काय ऐकलं ते मलाही सांगावं लागलं असतं.

घरी जाताना बजाज चौकात मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. उन्हाने होतं असं, मी स्वतःला म्हटलं. सेहेचाळीस डिग्रीत माणसाला काहीही ऐकू येतं. उसाचा रस प्यायलो. रसवाल्याने विचारलं, "बरं नाई काय, सर?" त्याचा पोरगा माझ्या वर्गात होता. मी म्हणालो, "काही नाही, रील बनवून राह्यलो." त्याला वाटलं मोबाइलवर नाचतात ती रील. तो हसला. मीही हसलो.

४

आता ते सांगतो.

तोंडी सांगायला गेलो की माझा आवाज आपोआप चांगला लागतो, म्हणून लिहितो आहे.

भागाबाई नटी नव्हती. टोल्यात वांगी-टमाटे लावायची, केळझरच्या बाजारात नेऊन विकायची. घर चांगलं सारवलेलं होतं म्हणून ऋतिकने ते निवडलं. सकाळपासून आम्ही तिच्या ओसरीवर होतो. तिने आम्हाला चहा दिला, बिनदुधाचा. मुलगा अमर बोअरवेलच्या गाडीवर तामिळनाडूत कामाला गेला आहे, असं ती सांगत होती. चार महिने झाले, फोन लागत नाही.

संहितेत मुलाचं नाव संतोष होतं. तिने फक्त ऐकून घ्यायचं होतं. तीनदा करून पाहिलं, कॅमेरा न लावता. ती हसायची. पदर तोंडाला लावून म्हणायची, "माह्यानं नाई होत, बाबू."

मग ऋतिक मला बाभळीखाली घेऊन गेला.

"संतोष नको म्हणू," तो म्हणाला. "अमर म्हण. तू वर्दीत आहेस. तिले सांग की ऑफिसात फोन आला. दोन मिनिटांचा प्रश्न आहे. लगेच सांगून टाकू खोटं होतं म्हणून."

मी नाही म्हणू शकलो असतो. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता, माझ्याच शिबिरात शिकलेला. मी नाही म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं. पण मी तिथे उभा राहून काय विचार केला ते मला स्वच्छ आठवतं. खरं काही समोर आलं तर माझा चेहराही खरा येईल, असा विचार केला.

मी शर्टाची वरची गुंडी लावली आणि ओसरीवर गेलो.

कट झाल्यावर सगळे टाळ्या वाजवू लागले. ऋतिक हसत तिच्यापाशी गेला. "मावशी, झालं. सिनेमा होता. अमर चांगला आहे." ती हलली नाही. त्याच्याकडे तिने पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "साहेब, तुमी सांगा."

मला बोलायचं नव्हतं. अजून घसा दाटलेला होता, आणि तो दाटलेला घसा मला आवडत होता. मी रुमालाने डोळे पुसत अंगणातून बाहेर गेलो आणि गाडीत जाऊन बसलो. काच वर केली. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. गाडी निघाली तेव्हा ती ओसरीवर तशीच बसलेली होती.

नंतर मी कधी तिकडे गेलो नाही. टोला वर्ध्यापासून तासाभराच्या आत आहे.

५

शनिवारी जया मला जिन्यातच भेटली. खोलीत जायच्या आधीच म्हणाली, "भाऊ, येऊन पाहा जरा. सकाळी एकडाव पाह्यलं, मंग लावलंच नाई थे."

तिने तुकडा लावला आणि खुर्ची मागे घेतली.

आता चौकट इतकी आत गेली होती की माझी हनुवटी खालच्या कडेला टेकली होती. तरी कोपऱ्यात भागाबाई होतीच. कान, गाल, नाकाचा शेंडा. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी माझं वाक्य बोलत होतो, डोळ्यांत पाणी आणत होतो, आणि समोरची बाई माझ्या खांद्यावरून दाराच्या आत पाहत होती. आपल्या माणसाला आपण पाहतो तसं.

"आता दार पाहा," जया म्हणाली.

दारात काळोख होता. तिने उजेड थोडा वाढवला. काळोख करडा झाला, त्यात दाणे दिसू लागले. उंबऱ्याच्या आत, अगदी खाली, एक तळपाय होता. मांडी घालून बसलेल्या माणसाचा दुमडलेला तळपाय. त्याच्या पुढे काहीतरी गोल, थाळीच्या कडेसारखं.

"हा कोण हाय?"

"असेल कोणी घरातलं," मी म्हणालो. "दुसऱ्या टेकला येऊन बसलं असेल."

जयाने मोबाइल उचलला आणि ऋतिकला लावला. तो आता मुंबईत असतो. स्पीकर चालू होता.

"ऋतिक, त्या किशोरभाऊच्या सीनचे टेक किती होते रे?"

"टेक? एकच. दुसरा कसा घेणार? किशोरले विचार ना, त्यालेच माहीत आहे. असं सोनं दोनदा येते काय? तिले खरंच वाटलं होतं ना पोरगा मेला म्हणून."

तो हसला. मागून कुणीतरी त्याला हाक मारली. फोन बंद झाला.

जया पडद्याकडे तोंड करून बसली होती. तिला दोन मुली आहेत. मोठी खालून तिला काहीतरी विचारत होती.

"खरं काय हे?"

मी सांगितलं. मघाशी लिहिलं तेवढं सगळं सांगितलं नाही. बाभळीखाली काय विचार केला ते वगळलं. सगळं ऋतिकवर ढकललं.

"मंग दोन दिवस मी कोणाले कापून राह्यली?" ती म्हणाली. तिने तुकडा बंद केला. "तिचा पोरगा आला काय परत?"

"माहीत नाही."

"तीन वर्षं झाले, भाऊ."

"हो."

"जाऊन या," जया म्हणाली. "तिच्यासमोर बसून सांगा. मंग बनवू रील. त्याच्याआधी मी ह्या फाइलले हात नाई लावत."

६

रविवारी सकाळी मी निघायचं टाळत राहिलो. शेवटी दुपारी बाराला गाडी काढली. केळझरला गणपतीच्या टेकडीपाशी गर्दी होती, पुढे रस्ता रिकामा. सागाची पानं झडलेली. टोल्यात माणूस दिसत नव्हता. घर तेच होतं, सारवलेलं.

अंगणात पळसाच्या फांद्यांचा एक मांडव नवा होता. त्याखाली जमिनीवर अंथरूण, एक पेटी, पाण्याची कळशी, तीन दगडांची चूल. एक तरुण माणूस दोरी वळत बसला होता. सत्ताविसेक वर्षांचा.

"भागाबाई इथेच राहतात ना?"

"हो," तो मोठ्याने बोलला. बोअरवेलच्या मशीनवर काम केलेल्या माणसांचे कान असे जातात, मग ती ओरडून बोलतात. मला ते कळलं. सुटकाच होती ती. मी एवढ्या जोरात श्वास घेतला की त्याने मान वर करून पाहिलं.

"तू अमर?"

"हो. तुमी थे सिनेमातले साहेब ना? म्या मोबाइलवर पाह्यलं तुमाले."

मी त्याच्यासमोर मातीत बसलो. त्याचा फोन चोरीला गेला होता, गाडी तिकडून पुढे आंध्रात गेली, म्हणून तो दीड वर्षाने परत आला, असं त्याने सांगितलं. तोवर आईने त्याचे दिवस केले होते. गावाला जेवण घातलं होतं.

"म्या आलो तं तिनं मले पाणी देल्लं. म्हणे, बसा पाव्हणे, कोण्या गावचे? म्या म्हटलं, माय, मी अमर. म्हणे, अमर तं गेला. लोकाईनं समजावलं तिले, थे सिनेमावाले होते म्हणून. म्हणे, पोरं खोटं बोलले असतीन. पण साहेब रडला. साहेब कायले खोटं रडन?"

"दवाखान्यात दाखवलं?"

"सेवाग्रामले नेलं होतं. डोकं चांगलं हाय तिचं. बाजार करते, हिशेब करते, सगळ्याईले ओळखते. मले तेवढं नाई."

त्याने दोरी खाली ठेवली. "साहेब, आता आले तं एकडाव सांगा ना तिले. तुमचं ऐकते थे."

"त्यासाठीच आलो," मी म्हणालो. मग विचारलं, "तू इथं मांडवात काऊन राहतो? घरात का नाही?"

अमरने दाराकडे पाहिलं नाही. "आत जागा नाई, भाऊ," तो म्हणाला. एवढंच तो हळू बोलला.

७

भागाबाई ओसरीवर वांगी निवडत होती. मला पाहून उठली, हात पुसले. "या साहेब. बसा." केस आता सगळे पांढरे झाले होते. बाज त्याच जागी होती. मी बसलो. दार माझ्या पाठीशी आलं.

ती समोर बसली. माझी विचारपूस केली, बदली झाली काय, पोरं किती. मी खाकीत नव्हतो, तरी ती साहेबच म्हणत होती. तिच्या बोलण्यात वेडं काही नव्हतं. एखाद्या सज्जन बाईच्या घरी आपण बसतो तसं मी बसलो होतो.

मागे थाळी वाजली.

ॲल्युमिनियमच्या थाळीचा आवाज, जमिनीवर सरकल्याचा. मग भुरका. कुणीतरी वरण ओरपत होतं. घरात दुसरं कुणी असेल, मी मनात म्हटलं. भाऊ असेल, जावई असेल. अमर तर अंगणात होता, मला तो दिसत होता. त्याने दोरी पुन्हा हातात घेतली होती आणि नजर जमिनीवर ठेवली होती.

भागाबाई माझ्या खांद्यावरून आत पाहत होती. तेच पाहणं.

"मावशी," मी म्हणालो, "मी तुम्हाला एक सांगायला आलो."

"सांगा."

"तीन वर्षांमागं मी तुम्हाला जे सांगितलं..." माझा आवाज भरून आला. मी तो भरून आणला नव्हता. तरी तो कसा भरून आला हे मी ऐकत होतो, कुठे थांबायचं ते मला समजत होतं, आणि डोळ्यांत पाणी बरोबर त्याच जागी आलं. तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तवाबी तुमी असेच रडले होते," ती म्हणाली. दोष देत नव्हती. ओळख पटल्यासारखं बोलली.

"मावशी, अमर..." मी म्हणालो.

मांडवात अमरने मान वर केली. आणि माझ्या पाठीमागे भुरक्याचा आवाज थांबला.

मी वळलो. वळायला नको होतं, पण वळलो. दारापासून दोन हातांवर एक माणूस मांडी घालून बसला होता, आमच्याकडे पाठ करून. बनियन, त्यावर वाळलेला चिखल, बोअरवेलच्या पाण्याचा उडतो तसा पांढरट, केसांपर्यंत गेलेला. घास घेतलेला हात तोंडाजवळ थांबला होता. हाक आल्यावर माणूस थांबतो तसा. मग त्याची मान हळूहळू आमच्याकडे फिरू लागली. कान दिसला. गालाची कड दिसली, आणि घास चावणाऱ्या माणसाचा गाल हलायला हवा तसा तो हलत नव्हता.

मी समोर तोंड केलं.

"अमरचं काय, साहेब?" भागाबाईने विचारलं.

अंगणातून अमर माझ्याकडे पाहत होता. जिवंत, घामेजलेला, दोरी हातात धरून. एक वाक्य बोलायचं होतं. हाच तुझा पोरगा आहे, मी खोटं बोललो होतो. मागे काहीतरी ऐकत होतं, तेही माझ्या वाक्याची वाट पाहत होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "अमरची आठवण आली म्हणून आलो होतो."

भागाबाईने मान हलवली. "बसा ना मंग," ती म्हणाली. "थो जेवून राह्यला."

मागे थाळी पुन्हा वाजू लागली.

८

मी अंगणात आलो तेव्हा अमरने काही विचारलं नाही. त्याने सगळं ऐकलं होतं. कान गेलेले असले तरी माझी बोलायची पद्धत स्वच्छ आहे. तो पेटीतून कपडे काढून पिशवीत भरत होता. चुलीचे दगड त्याने पायाने बाजूला सारले.

"केळझरपर्यंत सोडता काय?"

तो माझ्यामागे बसला. आईला त्याने हाक मारली नाही. तिने ओसरीवरून हात केला, पाहुण्याला करतात तसा.

बसथांब्यावर एकच बाई होती, डोक्यावर पदर घेऊन सावलीत बसलेली. अमर उतरला, पिशवी खांद्याला लावली.

"कुठं जाणार?"

"गाडीवर. सेलमले मालक ओळखीचा हाय." थोडा वेळ तो रस्त्याकडे पाहत राहिला. "एक विचारू काय? थ्या सिनेमात माह्यं नाव काऊन घेतलं? दुसरं नाव नोयतं काय?"

"होतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. बस आली. तो चढला, खिडकीशी बसला. मी हात वर करायचा की नाही ते ठरवेपर्यंत बस गेली.

९

पाच वाजता मी जयाच्या खोलीत होतो. ती वाट पाहत होती. दोन्ही मॉनिटर बंद होते.

"सांगितलं काय तिले?"

मी खुर्चीत बसलो, पाणी मागितलं, ते हळूहळू प्यालो.

"सांगितलं," मी म्हणालो. "पोरगा आला आहे तिचा. चांगला आहे. मी तिच्या पाया पडलो, जया. तिने माफ केलं." माझा आवाज शेवटच्या शब्दावर फाटला. ठरवलं असतं तरी इतका चांगला फाटला नसता.

जयाचे डोळे भरले. तिने पदर डोळ्यांना लावला, माझ्या हातावर हात ठेवला. "लय मोठं काम केलं भाऊ तुमी," ती म्हणाली. मग तिने मॉनिटर लावले.

मी नको म्हणू शकलो असतो. हवालदाराचा तुकडा पहिला लाव, तो बरा आहे, असं म्हणू शकलो असतो. ती विचारत होती, हाच ठेवू ना पयले? मी हो म्हणालो.

ती तासभर काम करत होती आणि मी डोळे मिटून बसलो होतो, थकल्यासारखा. माझाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत होता, अमर गेला, अमर गेला. कधी अर्ध्यात तुटत होता, कधी पूर्ण. मधे एकदा ती थांबली. माउस हलायचा थांबला. मी तिचा श्वास ऐकत होतो.

"दार मी पुरं काळं करून टाकलं," ती नंतर म्हणाली. तिचा आवाज थोडा बदललेला होता. "आता तुमीच तेवढे दिसता. पाहा ना, भाऊ. मागं कोणी नाई आता. पाहा एकडाव."

"पाहिलं," मी म्हणालो. "मस्त झालं."

डोळे मी उघडले नव्हते. तिने रील पाठवून दिली.